हिंदू महासभा (ग्वाल्हेर)

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, महाराज बाड्याजवळच्या दौलतगंजमध्ये कार्यालय असलेली राजकीय संघटना. आज तिची ताकद नाममात्र असली, तरी धर्माचे राजकारण आणि पक्षांचे हिशेब या शहरात कसे गुंतत गेले ते तिच्या इतिहासात नीट दिसते.

१९५२ च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत महासभेला देशभरात चारच जागा मिळाल्या. त्यांतल्या ग्वाल्हेर आणि गुना या दोन्ही एकट्या विष्णू घनश्याम देशपांडे यांनी जिंकल्या. त्यांनी सोडलेल्या ग्वाल्हेरमधून पोटनिवडणुकीत ना. भा. खरे आले, हे खरे १९३७ मध्ये मध्य प्रांताचे काँग्रेसी मुख्य मंत्री होते! गांधीहत्येला तेव्हा जेमतेम चार वर्षे झाली होती, आणि हत्येचे बेरेटा पिस्तूल मिळवले गेले होते ते याच लष्कर भागात. त्या खटल्यात इथले डॉक्टर दत्तात्रय परचुरे यांना जन्मठेप झाली. १९४९ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले.

महासभेच्या या यशामागे महालाचा, म्हणजे ग्वाल्हेरच्या शिंदे राजघराण्याचा, हात असल्याचा संशय दिल्लीत होता. तो फिटावा म्हणून १९५७ मध्ये राजमाता विजयाराजे शिंदे काँग्रेसच्या तिकिटावर गुन्यातून उभ्या राहिल्या आणि त्यांनी देशपांड्यांनाच हरवले. महासभेला ओहोटी लागली ती इथून. मतदाराने विचार बदलला असे मात्र म्हणवत नाही. महाल जिकडे, मत तिकडे. १९६७ मध्ये राजमातांनी काँग्रेस सोडली, तेव्हा ही मते जनसंघाकडे वळली. १९७१ मध्ये इंदिरा लाटेतही अटलबिहारी वाजपेयी ग्वाल्हेरमधून, तर राजमातांचे पुत्र माधवराव गुन्यातून जनसंघाचे म्हणून निवडून आले. १९८४ ला तेच माधवराव काँग्रेसचे उमेदवार होते, आई भाजपची उपाध्यक्ष, आणि वाजपेयी सुमारे पावणेदोन लाख मतांनी पडले.

बाहेरच्यांना कोड्यात टाकणारी गोष्ट अशी, की याच शिंद्यांच्या गोरखी या जुन्या वाड्यातल्या देवघरात बीडचे सूफी मन्सूरशाह यांचे स्थान आहे. महादजी त्यांना गुरू मानत, आणि घराण्याचे प्रमुख आजही तिथे उरसाला जातात. राजमाता रामजन्मभूमी आंदोलनात अग्रभागी होत्या तेव्हाही हे स्थान तिथेच होते.

अलीकडे महासभा बातम्यांत येते ती गोडसेमुळे. १५ नोव्हेंबर २०१७ रोजी, म्हणजे त्याच्या फाशीच्या तारखेला, दौलतगंजच्या कार्यालयात त्याचा अर्धपुतळा बसवला गेला. प्रशासनाने तो काही दिवसांत उचलला. जानेवारी २०२१ मध्ये तिथेच सुरू केलेली 'गोडसे ज्ञानशाळा' दोन दिवसांत बंद करावी लागली. पुढच्याच महिन्यात पुतळ्याच्या कार्यक्रमाला हजर असलेला महासभेचा एक माजी नगरसेवक काँग्रेसमध्ये दाखल झाला. महाल त्या पक्षातून मार्च २०२० मध्येच बाहेर पडला होता.