देवराई

देवाच्या नावाने राखलेले आणि आपल्या गतीने वाढू दिलेले रान. पुणे जिल्ह्यात मुळशी, मावळ, भोर, वेल्हे (आताचा राजगड), आंबेगाव, जुन्नर या तालुक्यांच्या डोंगराळ पट्ट्यात अशा राया आढळतात. कोकणात त्यांना देवरहाटी म्हणतात. एखादी चार झाडांची असते, एखादी कित्येक एकरांची.

राई राखायची म्हणजे तिथे काही करायचे नाही. कुऱ्हाड चालवायची नाही हे तर आलेच. पण वाळकी फांदी सरपणाला न्यायची नाही, वाऱ्याने पडलेले झाड उचलायचे नाही, पाचोळा गोळा करायचा नाही. मावळात भाताच्या रोपांसाठी राब भाजायचा, म्हणजे रोपांच्या जागेवर फांद्या-पाला जाळायचा, म्हणून रानातली झाडे सवळली जातात, त्यांच्या फांद्या छाटल्या जातात. राईला मात्र कोयता लागत नाही. अगदीच निकड आली तर देवाला कौल लावतात आणि कौल मिळाला नाही की विषय संपतो. मोडणाऱ्यावर देव कोपतो, ही धास्ती पहाऱ्याचे काम करते.

या न करण्यातून जे घडते ते लावलेल्या बागेत घडत नाही. मेलेले झाड वर्षानुवर्षे उभे राहते, जुन्या मोठ्या झाडाच्या ढोलीत धनेश पक्षी वीण करतो. कुजलेल्या खोडावर अळंबी येते, पाचोळ्याचा थर पावसाचे पाणी धरून ठेवतो. गारंबीसारखी महावेल झाडाझाडांवरून पसरायला जो काळ लागतो, तो इथे तिला मिळतो.

पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञान वर्धिनीतील वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला. १९७६ साली त्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. रस्ते आले तसा कोळशासाठी रानांवर घाला पडला, त्यात कित्येक राया गेल्या.

आज कुऱ्हाडीइतकेच भय सुधारणेचे आहे, आणि ती भक्तीपोटी होते म्हणून तिला अडवणे अवघड जाते. जीर्णोद्धारात सिमेंटचा सभामंडप उठतो, अंगणाला फरशी बसते, ‘स्वच्छता’ म्हणून झुडपे काढली जातात, मग त्याच जागी शोभेची रोपे लावतात. उगवून येणाऱ्या जांभळा-हिरड्याची रोपटी झुडपांबरोबरच जातात. काही गावांत मात्र ‘आमच्या देवाला छप्पर चालत नाही’ असे अजून सांगतात. तिथे शेंदूर माखलेला तांदळा, म्हणजे देव म्हणून पुजलेला अनघड दगड, उघड्यावर असतो, पाचोळ्यात अर्धा बुडालेला.