सासूचे गुडघे, सुनेची बोटं: झिजेचा संधिवात आणि आमवात

सोलापूरच्या पूर्व भागात किंवा कुंभारीच्या विडी कामगार वसाहतीत असं घर शोधावं लागत नाही. सासूबाई सत्तरीला आलेल्या, जमिनीवरून उठताना भिंतीचा आधार घेतात. सून चाळिशीची, सकाळी मूठ वळत नाही म्हणून विड्या वळायला उशिरा बसते. दोघींना ‘संधिवात’ आहे असं घरात ठरलेलं. तेलाची बाटली एक, गोळ्यांचं पाकीटही एकच. सासूच्या गोळ्या संपल्या की सुनेच्या चालतात.

खरं तर दोघींचे आजार वेगळे आहेत. सासूबाईंना ऑस्टिओआर्थ्रायटिस, म्हणजे झिजेचा संधिवात. सुनेला रूमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आमवात, असण्याची शक्यता मोठी. सासूबाईंनी डॉक्टरकडे जायला चार महिने उशीर केला तर त्रास होईल, पण सांध्याचं मोठं नुकसान सहसा होत नाही. सुनेनं तेच केलं तर बोटांची हाडं आतून खाल्ली जाऊ शकतात, आणि ती पुन्हा भरून येत नाहीत. हा लेख मुख्यतः घरातल्या वडीलधाऱ्यांच्या गुडघ्यांसाठी आहे. पण आमवात बाजूला ओळखून ठेवल्याशिवाय गुडघ्याचं काही सांगण्यात अर्थ नाही.

झिजेच्या संधिवातात हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत कूर्चा पातळ होते, कडांना हाडाचे कंगोरे वाढतात, आतलं अस्तर अधूनमधून सुजतं आणि मांडीचे स्नायू अशक्त होत जातात. वय, वजन, जुनी दुखापत, आईवडिलांकडून आलेली ठेवण आणि वर्षानुवर्षं गुडघे मुडपून केलेलं काम, सगळ्यांचा त्यात वाटा असतो. ‘गुडघ्यातलं ग्रीस संपलं’ हे वाक्य दवाखान्यात रोज ऐकू येतं, पण ते खरं नाही. झिजलेल्या गुडघ्यात पाणी बऱ्याचदा नेहमीपेक्षा जास्तच असतं, म्हणून तर तो सुजतो.

आमवातात शरीराची रोगप्रतिकारशक्तीच सांध्याच्या अस्तरावर हल्ला करते. ते अस्तर जाड होतं, गरम होतं आणि शेजारची कूर्चा व हाड कुरतडतं. हा आजार सांध्यांपुरता राहत नाही: थकवा, बारीक ताप, वजन उतरणं, रक्त कमी होणं, काहींना डोळे कोरडे पडणं किंवा फुफ्फुसाचा त्रास. बायकांमध्ये तो पुरुषांच्या दोन ते तीन पट आढळतो.

ओळखायचं कसं? सगळ्यात कामाचा प्रश्न सकाळचा आहे. तो मिनिटांत विचारला तर कुणालाच सांगता येत नाही, कामांवरून विचारला की उत्तर लगेच येतं. उठल्यापासून चहा होईपर्यंत सांधे मोकळे होतात, की भाकरी थापायची वेळ झाली तरी बोटं आखडलेलीच असतात? झिजेतलं आखडणं साधारण अर्ध्या तासाच्या आत सुटतं. बराच वेळ बसून उठताना पहिली चार पावलं जड जातात, मग गाडी रुळावर येते. आमवातात हे आखडणं तासभर, कधी दुपारपर्यंत टिकतं.

दिवसभरातला दुखण्याचा क्रमही उलटा असतो. झिजेचा गुडघा कामानं दुखतो आणि विश्रांतीनं शांत होतो. नळाला पाणी यायचा दिवस असेल, घागरी भरून झाल्या असतील, तर संध्याकाळी तो ठणकणारच. जिना चढण्यापेक्षा उतरताना जास्त दुखतो. आमवाताचे सांधे रात्रीच्या विश्रांतीनंतर जास्त कुरकुरतात आणि हालचालीनं जरा सैल होतात.

मग हात बघा. आमवात आवडीनं धरतो ते मुठीच्या उंचवट्यावरचे सांधे, बोटांचे मधले सांधे, मनगटं आणि पायाच्या बोटांची मुळं; बहुतेक वेळा दोन्हीकडे सारखेच. नखाजवळचे सांधे तो सहसा सोडतो. झीज नेमकी नखाजवळच्या सांध्यांत आणि अंगठ्याच्या बुडाशी दिसते, टणक गाठीसारखी. आमवाताची सूज मऊ आणि कोमट लागते, बांगडी चढेनाशी होते, कुणी हात हातात घेऊन उंचवटे आडवे दाबले की कळ निघते. विडी वळणाऱ्या बाईची बोटं कामानंही दुखतात हे खरं. पण कामाच्या दुखण्यानं दोन्ही हातांचे उंचवटे सहा-सहा आठवडे सुजून राहत नाहीत. चिकुनगुनिया होऊन गेलेल्यांचे सांधे मात्र काही महिने हुबेहूब आमवातासारखे वागू शकतात, तेव्हा मागचा ताप डॉक्टरांना जरूर सांगावा.

वयावर मात्र विसंबू नये. ‘म्हातारपण आहे, झीजच असणार’ हा अंदाज बहुतेकदा बरोबर निघतो, पण आमवात साठीनंतरही सुरू होतो आणि तेव्हा तो खांद्यांपासून सुरुवात करू शकतो. उलटी चूकही होते, आणि माझ्या मते ती शहरात जास्त होते. मुलगा लॅबमध्ये आईचा ‘आरए फॅक्टर’, म्हणजे आमवातासाठीची रक्ततपासणी, करून आणतो, तो थोडा वाढलेला निघतो आणि घरात घबराट पसरते. निरोगी म्हाताऱ्या माणसांतही तो वाढलेला सापडतो. आणि खऱ्या आमवाताच्या रुग्णांपैकी काहींमध्ये तो सापडतच नाही. अँटी-सीसीपी ही तपासणी जास्त नेमकी, पण तीही सुजलेला सांधा बघितल्यावरच करायची. गुडघ्याच्या झिजेसाठी रक्ताची कुठलीच तपासणी लागत नाही. पंचेचाळिशी ओलांडलेली, चालल्यावर दुखतं, सकाळचं आखडणं अर्ध्या तासाच्या आत जातं: एवढ्यावर निदान होतं, बऱ्याचदा एक्स-रेशिवायही.

एक्स-रेचं एक वेगळंच प्रकरण आहे. ‘गॅप संपलाय’, म्हणजे दोन हाडांमधली फट संपली, हे ऐकल्यापासून कित्येक म्हाताऱ्यांनी चालणं सोडलेलं असतं. फोटोतली झीज आणि प्रत्यक्षातलं दुखणं यांचा मेळ ढोबळच असतो. फोटो वाईट असून देवळाला चालत जाणारे आहेत, आणि फोटो बरा असून रात्र तळमळत काढणारेही आहेत. फोटो बदलत नाही, दुखणं बदलता येतं.

आता उपचार. इथे दोन्ही वाटा स्पष्ट फुटतात. झिजेच्या गुडघ्याला पहिलं औषध व्यायाम आहे, आणि हे सांगितलं की लोकांचा विश्वास बसत नाही. ‘आधीच झिजलंय, अजून हलवलं तर उरलेलंही जाईल’ ही भीती अगदी घट्ट बसलेली आहे. पण मांडीचा पुढचा स्नायू गुडघ्यावरचा बराच भार पेलतो. तो न वापरल्यानं बारीक झाला की तोच भार सांध्यावर येतो, दुखणं वाढतं, माणूस आणखी बसून राहतो. हे चक्र तोडायला जिम नको. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून एक पाय सरळ करायचा, पाच अंक मोजेपर्यंत धरायचा, सावकाश खाली आणायचा; दहा वेळा, मग दुसरा. नंतर खुर्चीवरून उठणं-बसणं, आधी हातांच्या आधारानं, जमेल तसं आधार सोडून. ओट्याला धरून टाचा उचलणं. करताना थोडं दुखेल, ते चालतं. पण वाढलेलं दुखणं दुसऱ्या दिवशीही टिकलं तर संख्या निम्मी करायची. व्यायाम बंद करायचा नाही. दीड-दोन महिने तरी नेटानं करावं लागतं, आठवड्यात ‘फरक नाही’ म्हणून सोडणाऱ्यांची संख्या मोठी आहे.

सिद्धेश्वर तलावाकाठी फेऱ्या मारणारे सांगतात, ‘आम्ही तर रोज चालतो.’ चालणं चांगलंच. हृदयाला, साखरेला, मनाला आणि गुडघ्यालाही. पण मांडीचा जोर वाढवायला ते एकटं पुरत नाही, वरचा व्यायाम वेगळा करावाच लागतो. आणि एप्रिल-मेमध्ये ऊन तापायच्या आत परत घरी.

वजनाचा हिशेब ऐकण्यासारखा आहे. एक किलो उतरलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोनं कमी होतो. त्यासाठी उपास नकोत. आणि वातूळ म्हणून डाळ, मटकी, दही, वांगी बंद करणं तर मुळीच नको. झिजेचा त्यांच्याशी संबंध नाही, उलट म्हातारपणी प्रथिनं कमी पडली की स्नायू आणखी बारीक होतात. शेंगाचटणीही चालेल, तिच्यावर ओतलेल्या तेलाची धार तेवढी आवरा.

घरातले बदल गोळीइतकेच उपयोगी. मांडीवर विड्यांचं सूप घेऊन तासन्‌तास मांडी घालून बसण्यापेक्षा स्टूल आणि समोर उंच पाट, दर अर्ध्या तासानं उठून एक चक्कर. संडासात कमोड किंवा कमोडची खुर्ची. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. उजवा गुडघा दुखत असेल तर डाव्या. रस्त्यानं बघत चाला, बरेच जण नेमकी उलटी धरतात. या वस्तूंसाठी राज्य सरकारची 2024 सालची मुख्यमंत्री वयोश्री योजना आहे: वय 65 पूर्ण आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 2 लाखांच्या आत असेल, तर काठी, वॉकर, कमोड खुर्ची, नी-ब्रेस अशा साधनांसाठी एकदाच 3,000 रुपये बँक खात्यात जमा होतात.

औषधात आधी दुखणं कमी करणारं जेल चोळायचं, गोळी नंतर. डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या दुकानातून आणून महिनोन्‌महिने खाणं म्हाताऱ्या माणसाला महाग पडतं. पोटात जखम होते, रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडावर ताण येतो. रक्तदाबाची आणि लघवी साफ होण्याची गोळी आधीच चालू असेल, त्यात आपल्याकडचा उन्हाळा आणि पाणी कमी प्यायलेलं असेल, तर मूत्रपिंड अचानक बंद पडण्याइतपत वेळ येऊ शकते. ग्लुकोसामाइनच्या महागड्या गोळ्यांवर पैसे घालू नयेत असं माझं स्पष्ट मत. ब्रिटनच्या आरोग्य यंत्रणेची मार्गदर्शक सूचनाही त्या देऊ नका असंच सांगते.

आमवातात हा क्रम बदलतो. व्यायाम तिथेही लागतो, पण आग विझवणारं औषध आधी. त्यातलं मुख्य मेथोट्रेक्सेट. जेल, तेल आणि दुखण्याच्या गोळ्या वेदना दाबतात, हाडाची कुरतड थांबवत नाहीत. पहिल्या काही महिन्यांत औषध सुरू झालं तर सांधे वाचतात, म्हणून सुनेनं वाट बघायची नाही. सोलापुरात सिव्हिलला, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, गेलात तर गुडघ्याच्या झिजेसाठी अस्थिरोग आणि फिजिओथेरपी विभाग बरोबर. सुजलेल्या बोटांसाठी मेडिसिनच्या ओपीडीचा केसपेपर काढा.

मेथोट्रेक्सेटबद्दल एक गोष्ट ठळक अक्षरात लिहून कपाटाला चिकटवावी अशी आहे: आमवातासाठी ही गोळी आठवड्यातून एकदाच घेतात. रोज नाही. चुकून रोज घेतली तर तोंडात फोड येतात, रक्तपेशी कोसळतात, माणूस दगावू शकतो. वार ठरवा आणि कॅलेंडरवर गोल करा. घरात वाचणारं कुणी नसेल तर पाकीट ज्याच्या हाती द्यायचं तो एकच माणूस ठेवा. सासू-सुनेचं पाकीट एक असणं इथे जिवावर बेतू शकतं. सोबत डॉक्टर फॉलिक ॲसिड देतात आणि ठरावीक काळानं रक्त तपासतात. गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात. गर्भ राहण्याची शक्यता असेल तर ते आधी सांगावं, कारण हे औषध गर्भाला घातक आहे.

सांधेदुखीवर मिळणाऱ्या नाव नसलेल्या पुड्यांचं काय? दोन दिवसांत चमत्कार झाल्यासारखा आराम पडला तर आत स्टिरॉइड असण्याचा संशय घ्या. तोंड सुजतं, साखर चढते, हाडं ठिसूळ होतात. आणि अचानक बंद केली तर अंगातलं त्राणच जातं. पुडी घेणाऱ्यानं ती लपवू नये, डॉक्टरांना दाखवावी, म्हणजे हळूहळू सोडवता येते.

एकच गुडघा अचानक लालबुंद, गरम झाला, पाय टेकवेना आणि ताप आला, तर झीज की आमवात हा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. सांध्यात जंतुसंसर्ग असू शकतो.

दोन्ही आजार एकाच माणसात एकत्रही राहतात. वीस वर्षं आमवात असलेल्या बाईचा गुडघा साठीत बऱ्याचदा झिजलेलाही असतो. तेव्हा सूज गरम आणि सकाळी आखडणं लांबलेलं असेल तर आमवाताची गोळी पुन्हा बघायला हवी. फक्त जिना उतरताना दुखत असेल तर मांडीचा व्यायाम. सगळं करूनही रात्रीची झोप आणि घरातल्या घरात चालणं जात असेल तेव्हा गुडघा बदलण्याची वेळ येते, दोन्ही आजारांत. ऑगस्ट 2017 मध्ये केंद्रानं कृत्रिम गुडघ्याच्या किमतीला मर्यादा घातली, पण ती सांध्याच्या किमतीला. रुग्णालयाचं बाकीचं बिल त्यात येत नाही, तेव्हा पूर्ण खर्चाचा आकडा आधी लेखी मागावा. आमवाताच्या रुग्णानं शस्त्रक्रियेआधी चालू औषधांची यादी दाखवावी, कारण काही औषधं काही काळ थांबवावी लागतात आणि काही चालूच ठेवायची असतात.