मणक्याचा क्षयरोग : प्रतिमा-तपासणी

हाडासांध्यांच्या क्षयरोगापैकी जवळपास निम्मा मणक्यांत आढळतो, विशेषतः छातीच्या खालच्या व कमरेच्या भागात. पर्सिव्हल पॉट या इंग्रज शल्यचिकित्सकाने १७७९ मध्ये त्याचे वर्णन केले.

पहिली तपासणी एक्स-रेची, समोरून आणि बाजूने. मात्र हाडातील ३० ते ५० टक्के खनिज गेल्याशिवाय त्यावर फारसे काही उमटत नाही. ‘एक्स-रे नॉर्मल’ हा शेरा पाहून महिनोन्‌महिने वेदनाशामक गोळ्यांवर निभावले जाते. सर्वाधिक उशीर इथेच होतो. पुढे शेजारच्या दोन मणक्यांच्या कडा पुसट होतात, मधली जागा आक्रसते, आणि छातीच्या भागात कण्याच्या दोन्ही अंगांना गळवाची चातीच्या आकाराची सावली दिसते. छातीचा एक्स-रेही काढतात, पण फुप्फुसे स्वच्छ असली म्हणून मणक्याचा क्षय नाही असे ठरत नाही.

लवकर निदानासाठी एमआरआय सर्वांत उपयोगी. एमआरआयच्या प्रतिमा अनेक प्रकारच्या असतात: हाडाच्या मज्जेतील सूज टी-१ प्रतिमेत काळपट, टी-२ व स्टर (चरबीची चमक दाबणाऱ्या) प्रतिमांत उजळ दिसते. क्षयाच्या जंतूंकडे प्रथिने विरघळवणारी विकरे (एन्झाइम) नसल्याने दोन मणक्यांमधली चकती बराच काळ टिकते. पू करणारे इतर जंतू ती लवकर खातात. गॅडोलिनियम हे प्रतिमा उजळवणारे द्रव्य शिरेतून दिल्यावर गळवाची भिंत पातळ आणि गुळगुळीत उजळली, पू अस्थिबंधाखालून अनेक मणक्यांपर्यंत सरकलेला असला, तर संशय क्षयाचाच. (गॅडोलिनियमआधी मूत्रपिंडाचे काम कळण्यासाठी रक्तातील क्रिएटिनिन पाहावे.) केवळ दुखऱ्या भागाचे स्कॅन करणे ही नेहमीची चूक आहे. दूरच्या मणक्यात दुसरी जखम असू शकते, म्हणून संपूर्ण कण्याची उभी स्टर प्रतिमा त्याच वेळी घ्यावी.

सीटीत हाडाचे तुकडे आणि गळवातील चुन्याचे कण स्पष्ट दिसतात. हे कण क्षयाची भक्कम खूण आहेत. तरीही ब्रुसेलोसिस (जनावरांकडून होणारा जंतुसंसर्ग) किंवा कर्करोगाचा प्रसार असेच चित्र उभे करू शकतो, त्यामुळे शक्य तेथे सीटीच्या मार्गदर्शनाखाली सुईने नमुना घेतात. कल्चर (जंतू वाढवून पाहणे) आणि सीबीनॅट (क्षयजंतूंची जनुकीय चाचणी) यांसाठीचा भाग सलाइनमध्येच पाठवावा. सगळा नमुना फॉर्मालिनच्या बाटलीत गेला, तर जंतू मरतात, कल्चर होत नाही आणि औषधरोध तपासणे अवघड होते.

उपचार सुरू झाल्यावर पहिल्या काही महिन्यांत रुग्ण सुधारत असूनही एमआरआय तसाच, प्रसंगी अधिक वाईट दिसतो. केवळ तेवढ्यावरून औषधे बदलू नयेत. टी-१ प्रतिमेत मज्जेच्या जागी चरबीची उजळी येणे ही भरून येण्याची खूण होय.