1947 चा हंगाम जूनपर्यंत लांबला, तो एकट्या बर्फामुळे नव्हे

इंग्लंडचा 1946-47 चा फुटबॉल हंगाम बर्फामुळे 14 जूनपर्यंत रखडला, असं सर्रास सांगतात. हे अर्धंच खरं. जानेवारीअखेरपासून मार्चच्या मध्यापर्यंत मैदानं गोठली, सामने तुंबले. पण एरवी ते बुधवारी-गुरुवारी दुपारी उरकले असते. दुपारीच, कारण लीगचा सामना प्रकाशझोतात पहिल्यांदा झाला तो 1956 मध्ये. म्हणजे कामगार कारखाना सोडून मैदानावर! कोळसाटंचाईनं उत्पादन आधीच कोलमडलेलं. सरकारनं आठवड्याच्या मधल्या सामन्यांवर बंदीच आणली. उरले मुख्यतः शनिवार.

लिव्हरपूलचे सामने 31 मेला संपले, गुण 57. स्टोक सिटी 55 वर, शेवटचा सामना बाकी. विजयाला तेव्हा दोनच गुण. शेफिल्ड युनायटेडला हरवलं असतं तर गुण सारखे आणि गोल सरासरी (केलेले गोल भागिले खाल्लेले गोल) स्टोकची सरस. 14 जूनला स्टोक 2-1 हरलं आणि विजेतेपद लिव्हरपूलकडे गेलं.