टाइप ५६ कार्बाइन : शिलकी चिनी रायफलींची पारख

चीनच्या जनमुक्ती सेनेने सेवेतून काढलेली अर्धस्वयंचलित (चाप ओढला की दर वेळी एकच गोळी सुटणारी) रायफल. सोव्हिएत एसकेएस कार्बाइनची (आखूड रायफलीची) चिनी आवृत्ती. संग्राहकांच्या बाजारात ‘शिलकी चिनी रायफल’ म्हटले की बहुधा हीच अभिप्रेत असते. नावाने मात्र घोटाळा होतो. ‘५६’ हा आकडा स्वीकृतीच्या वर्षाचा (१९५६) असून, एके-४७ धर्तीची स्वयंचलित रायफल व एक हलकी मशीनगन यांनाही चिनी सैन्यात तेच नाव होते. प्रस्तुत नोंद केवळ कार्बाइनविषयी आहे.

मूळ रचना सोव्हिएत शस्त्ररचनाकार सेर्गेई सिमोनोव्ह यांची. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस तिच्या चाचण्या झाल्या आणि १९४९ मध्ये सोव्हिएत सैन्याने ती स्वीकारली. काडतूस ७.६२ × ३९ मिमी.; दहा गोळ्यांचे, न निघणारे मॅगझिन; लांबी सु. १ मी. आणि वजन पावणेचार किग्रॅ.हून किंचित अधिक. दुमडती संगीन नळीखाली कायमची जोडलेली असते. चिनी नळ्यांना आतून क्रोमचा मुलामा असतो व पारख करताना ही बाब फार महत्त्वाची ठरते.

चिनी उत्पादन १९५६ मध्ये चोंगछिंग येथील जिआनशे कारखान्यात (सरकारी क्रमांक २९६) सुरू झाले. हा कारखाना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चिंग राजवटीतील अधिकारी जांग झीदोंग याने उभारलेल्या हानयांग शस्त्रशाळेचा वारस. जपानविरुद्धच्या युद्धकाळात तो देशाच्या अंतर्भागात हलवला गेला. पुढे तो मोटारसायकलीही बनवू लागला. त्याची खूण म्हणजे त्रिकोणातील २६ हा आकडा.

पहिल्या काही वर्षांतील रायफलींना संग्राहक ‘चिनी-सोव्हिएत’ म्हणतात. त्यांच्या उगमाविषयी एकमत नाही. एका मतानुसार त्या सोव्हिएत कारखान्यांतून आलेल्या सुट्या भागांची चीनमध्ये केलेली जुळणी होय. रशियातील उत्पादन याच सुमारास आटोपत आले होते, त्यामुळे उरलेले भाग व यंत्रसामग्री मित्रराष्ट्राकडे जाणे स्वाभाविक होते, असा या पक्षाचा युक्तिवाद. दुसऱ्या मतानुसार केवळ यंत्रे, पोलाद व तज्ज्ञ रशियाचे असून घडण चोंगछिंगचीच होती. सुरुवातीच्या नगांवरील तपासणीच्या खुणा, कातून काढलेले भाग आणि दस्त्याचे लाकूड सोव्हिएत नगांशी इतके जुळते की पहिले मत सर्वस्वी टाकून देता येत नाही. परंतु ही लक्षणे एकाच वेळी लुप्त होत नाहीत, एकेक करून मागे पडतात. त्यामुळे आरंभी रशियन भाग, नंतर मिश्र आणि अखेर पूर्णतः चिनी घडण, असा क्रम मानणे अधिक सयुक्तिक वाटते. १९६० च्या उन्हाळ्यात सोव्हिएत तज्ज्ञ माघारी बोलावले गेले. ‘चिनी-सोव्हिएत’ कालखंडाची ती शेवटची मर्यादा धरता येईल. विक्रेते हे बिरूद त्यापुढच्या नगांनाही सर्रास लावतात.

कालनिश्चितीचा वाद याहून किचकट आहे. जिआनशेच्या नगांवरील अनुक्रमांकाच्या आरंभीच्या एक वा दोन आकड्यांत १९५६ मिळवले की उत्पादनवर्ष मिळते, असा संग्राहकांत रूढ संकेत आहे. म्हणजे ९ ने सुरू होणारा सात आकडी क्रमांक १९६५ चा. काही जण १९५५ मिळवावे असे म्हणतात. हे गणित कारखान्याच्या कागदपत्रांतून नव्हे, तर हजारो नगांच्या तुलनेतून बसवलेले आहे. पाते-संगीन जाऊन टोकदार सुळ्याची संगीन आली ती साधारण १९६४-६५ मध्ये, या समजुतीशी पहिला संकेत बरा जुळतो. म्हणून तोच ग्राह्य धरण्याकडे कल आहे. अगदी आरंभीच्या क्रमांकांना तो लागू पडत नाही. इतर कारखान्यांच्या नगांनाही नाही. १९६४ नंतर ‘तिसरी फळी’ धोरणानुसार शस्त्रनिर्मिती डोंगराळ प्रांतांत विखुरली गेली आणि निरनिराळे आकडे असलेल्या अनेक खुणा दिसू लागल्या. अशा नगाचे नेमके वर्ष सांगणारा विक्रेता अंदाजच सांगत असतो.

चिनी सैन्यात या कार्बाइनची जागा प्रामुख्याने टाइप ८१ रायफलीने घेतली; मानवंदना पथकांच्या हाती ती पुढेही दिसत राहिली. अमेरिकेत ती दोन वाटांनी पोहोचली. व्हिएतनाम युद्धातून परतणाऱ्या सैनिकांनी युद्धचिन्ह म्हणून काही आणल्या. स्वयंचलित शस्त्र नेण्यास मनाई होती, ही मात्र अर्धस्वयंचलित असल्याने परवानगी मिळे. अशा नगासोबत परवानगीचा मूळ कागद (डीडी फॉर्म ६०३-१) असेल, तर किंमत कितीतरी पट वाढते. दुसरी वाट व्यापाराची. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात पेट्याच्या पेट्या आयात झाल्या आणि नग शंभर डॉलरच्या आसपास मिळू लागला. मे १९९४ मध्ये क्लिंटन प्रशासनाने चिनी बंदुका व काडतुसांची आयात थांबवली. कॅनडात आवक त्यानंतरही चालू राहिली.

या लाटेत अस्सल लष्करी नगांसोबत निर्यातीसाठीच बनवलेलेही आले. कोठीच्या (नळीमागील, यंत्रणा सामावणाऱ्या लोखंडी घराच्या) बाजूवर चिनी अक्षरांऐवजी रोमन लिपीत ‘एसकेएस’ कोरलेले असेल, तर नग बहुधा व्यापारी. आखूड नळीचा ‘पॅराट्रूपर’ आणि एके-४७ चे मॅगझिन घेणारे प्रकार हेही बाजारासाठीच घडवलेले. कोणत्याही छत्रीधारी तुकडीशी त्यांचा संबंध नाही. जुन्या नगांत नळी आट्यांनी बसवलेली, उत्तरकालीन बहुतेक नगांत दाबून बसवून आडव्या खिळीने पक्की केलेली असते. संग्राहक आट्यांची नळी पसंत करतात. नेमबाजाला हा फरक सहसा जाणवत नाही.

क्रमांक जुळणे हा मोलभावातील नेहमीचा मुद्दा. कोठी, तिचे झाकण, बोल्ट (काडतूस नळीत ढकलून मागून बंद करणारा भाग), चापाचा संच, मॅगझिन व दस्ता यांवर एकच क्रमांक अपेक्षित असतो. तथापि दुरुस्तीशाळेत जुना क्रमांक घासून नवा ठोकण्याची प्रथा होती. भिंग धरले की घासलेल्या जागी पृष्ठभाग किंचित खोलगट दिसतो आणि नव्या आकड्यांची ठेवण शेजारच्या भागावरील आकड्यांपेक्षा वेगळी भासते. काही ठिकाणी तर विजेच्या लेखणीने खरडलेले आकडे असतात. असा नग चालवण्यास वाईट नसतो, पण त्याला ‘मूळ जुळणीचा’ म्हणणे योग्य नव्हे.

क्रमांकांपेक्षा नळीच्या पुढील भागाकडे आधी पाहावे. चिनी लष्करी काडतुसांच्या प्रायमरमधून (दारू पेटवणाऱ्या बुडाच्या टोपीतून) क्षार मागे राहतात व ते हवेतील ओल ओढून लोखंड खातात. क्रोममुळे नळी आतून वाचते; परंतु उडालेल्या दारूच्या वायूने यंत्रणा चालवणारे भाग, म्हणजे वायूनलिका, दट्ट्या व वायू आत येण्याचे छिद्र, यांना ते संरक्षण नसते. आतून लखलखीत नळी आणि दट्ट्याच्या तोंडावर गंजाचे खड्डे, अशी जोडी वरचेवर आढळते. केवळ नळीत उजेड पाडून सौदा करणारा येथेच फसतो. नळीच्या तोंडाची झीज पाहण्यासाठी न उडवलेले काडतूस गोळीच्या टोकाकडून त्या तोंडात घालतात. गोळी काडतुसाच्या कवचापर्यंत सहज आत गेली, तर साफसफाईच्या गजाने तोंड खाल्लेले असते. नळी रिकामी असल्याची खात्री आधी करणे अर्थातच गृहीत आहे. बोल्ट बंद असताना काडतुसाला मिळणारी जागा मात्र मोजपट्ट्या असलेल्या कारागिराकडूनच तपासून घ्यावी लागते.

गोदामी नगांवर घट्ट ग्रीसचा थर असतो. तो फायरिंग पिनच्या (प्रायमरवर आघात करणाऱ्या खिळीच्या) घळीत वाळला तर पिन पुढे अडकून राहते आणि बोल्ट बंद होताच, चाप न ओढता, गोळी सुटते. प्रसंगी एकामागोमाग एक सुटतात. चिनी नगांत पिनला मागे खेचणारी स्प्रिंग नसल्याने बोल्ट पूर्ण उघडून साफ करणे आणि हलवल्यावर पिन खुळखुळते का ते ऐकणे, ही पहिल्या वापरापूर्वीची अट मानली जाते.

भारताचा या शस्त्राशी संबंध आला तो १९६२ च्या युद्धात. भारतीय जवानांच्या हाती तेव्हा प्रामुख्याने.३०३ ली-एनफिल्ड होती. भारतात खासगी खरेदीचा प्रश्न सहसा उद्भवत नाही, कारण शस्त्र अधिनियम, १९५९ व त्याखालील २०१६ चे नियम यांनुसार अशा रायफलींवर कडक निर्बंध आहेत.

चीनमधून आलेल्या इतर शिलकी रायफलींत मोसिन-नागांट कार्बाइनची नक्कल असलेली टाइप ५३, जर्मन १८८८ च्या नमुन्यावरील हानयांग आणि १९३५ पासून बनलेली माउझर पद्धतीची चिआंग काय-शेक रायफल या प्रमुख होत. दीर्घ युद्धकाळात वापरून झिजलेल्या असल्याने त्यांतील बहुतेकांचे मूल्य संग्रहापुरतेच राहते.