घरातली जुनी शिकारी रायफल: वारसाने नावावर करताना आणि विकत घेताना

काका गेले, तेरावं झालं, पाहुणे परतले. कपाट आवरताना काकूंच्या हाताला कापडी गवसणी लागली. आत पॉइंट ३१५ बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या पोकळीचा व्यास), पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यातली जुनी रायफल. ‘राहू दे, त्यांची आठवण आहे,’ काकू म्हणाल्या. त्यांची भावना अगदी खरी होती. पण शस्त्र परवाना माणसाच्या नावावर असतो, घराच्या नव्हे. परवानाधारक गेला की त्याच परवान्यावर घरच्यांना ते शस्त्र ठेवता येत नाही. शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये २०१९ साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून विनापरवाना बंदूक बाळगण्याला किमान २ आणि जास्तीत जास्त ५ वर्षांचा कारावास आहे. गवसणीतली आठवण म्हणून यातून सूट मिळत नाही.

म्हणून अर्जाच्याही आधी शस्त्र जमा करा. कलम २१ नुसार विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करता येते. रायफल उचलून थेट निघू नका. आधी ठाण्यात मृत्यूची खबर आणि मूळ परवाना दाखवा, शस्त्र कसे आणायचे ते विचारा. आत काडतूस आहे की नाही हे ज्याला तपासता येत नाही, त्याने तिला हातच लावू नये. जमा केल्याची पावती मात्र जिवापाड जपा, पुढचे सगळे काम तिच्यावर चालते.

नावावर करून घेण्याची सोय शस्त्र नियम २०१६ च्या नियम २५ मध्ये आहे. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर वारस अर्ज करू शकतो. परवानाधारक, समजा आजोबा, हयात असतील तर त्यांचे वय ७० झाल्यावर किंवा शस्त्र त्यांच्याकडे २५ वर्षे राहिल्यावर, यांपैकी जे आधी होईल तेव्हापासून, त्यांच्या हयातीतच वारसाला परवाना मागता येतो. माझं सांगणं असं की हयातीत करा. आजोबा स्वतः सही करायला असले की निम्मी धावपळ वाचते.

वारसाचे वय २१ पूर्ण हवे. एका व्यक्तीला आता दोनच बंदुका ठेवता येतात, पूर्वी तीन चालत. वारसाहक्काने आलेलीही याच दोनांत मोजतात. तेव्हा तुमच्याकडे आधीच दोन असतील तर तिसरी घरातल्या दुसऱ्या पात्र वारसाच्या नावावर करण्याचा विचार करा.

अर्ज नमुना ए-१ मध्ये करायचा. ग्रामीण भागात जिल्हाधिकारी कार्यालयात, म्हणजे जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे. मुंबई, पुणे, नागपूरसारख्या पोलीस आयुक्तालयाच्या शहरांत पोलीस आयुक्तांकडे. सोबत ओळख, पत्ता आणि जन्मतारखेचे पुरावे, फोटो, शारीरिक व मानसिक आरोग्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र (नमुना एस-३), शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आणि शस्त्र कुठे, कसे कुलपात ठेवणार याचे हमीपत्र. वारसाच्या अर्जाला आणखी मृत्यूचा दाखला, मूळ परवाना, जमा पावती आणि बाकीच्या वारसांचे ना हरकत प्रतिज्ञापत्र लागते. बहिणींच्या सह्या राहून गेल्या म्हणून अर्ज परत आल्याचे मी पाहिले आहे. त्या सगळ्यांत आधी घ्या.

आमच्या घरी काम अडले ते एका आकड्यावर. परवान्याच्या पुस्तिकेत रायफलीचा क्रमांक ३ ने संपत होता, नळीवर ८ ने. कधीतरी नूतनीकरणाच्या वेळी कोणीतरी घाईने उतरवून घेतला असणार. ती दुरुस्ती होईपर्यंत महिने गेले. म्हणून रायफल जमा करतानाच ठाण्यातल्या हवालदारांच्या समोर भिंग धरून क्रमांक वाचून घ्या. नळीवर आणि बोल्टवर (काडतूस आत ढकलणाऱ्या दांड्यावर) तो जुळतो का, पुस्तिकेत तोच आहे का, हे तिथेच पाहा. परवान्यावर युनिक आयडी क्रमांक (देशभरच्या परवाना नोंदीतला क्रमांक) आहे का, तेही बघा.

आता विकत घेणाऱ्यांसाठी. आधी परवाना, मग रायफल. उलट क्रम चालत नाही. खासगी व्यक्तीकडून घेताना विकणाऱ्याने खरेदीदाराचे नाव-पत्ता जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचा आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबायचे, असे कलम ५ सांगते. ‘आज पैसे द्या, कागद नंतर करू’ म्हणणाऱ्याकडून उठून या.

किमतीआधी बोअर पाहा. पॉइंट ३०३ ही लष्करी काडतुसाची बोअर, म्हणून प्रतिबंधित वर्गात मोडते. तिच्या परवान्याचा अधिकार केंद्र सरकारकडे आहे. लष्करी काडतुसे बंडखोरांच्या हाती पडण्याच्या भीतीचा इतिहास जुना आहे. इंग्रज सरकारने विसाव्या शतकाच्या आरंभी पॉइंट ४५० बोअरवर हिंदुस्थानात बंदी घातली. म्हणून विलायती कारागिरांनी पॉइंट ४७० सारखी नवी काडतुसे काढली. शिकारी-लेखक जिम कॉर्बेटची गाजलेली रिग्बी रायफल पॉइंट २७५ ची, म्हणजे ७ मिलिमीटर माउझर काडतुसाची होती. अशी विलायती रायफल हातात आली की मन भुलते, पण काडतूस कुठून आणणार हे आधी विचारा. पॉइंट ३१५ ची काडतुसे आपल्या खडकीच्या कारखान्यात बनतात, पितळी बुडावर ‘केएफ’ ठसा असतो.

परवानाधारक बंदूक कारागिराला सोबत न्या. नळीत आतून उजेड पाहिला की गंजाचे खड्डे दिसतात. दस्त्याच्या मनगटाएवढ्या बारीक भागात चीर असते. वरून पॉलिश केलेली असेल तर अंगठ्याने दाबून पाहा. बंदुकीच्या जुन्या काळ्या दारूच्या जमान्यातल्या नळीत आजचे काडतूस घालणे जिवावर बेतते. ‘शोभेची आहे, परवाना लागत नाही’ हेही ऐकू नका. कलम ४५ ची सूट दुरुस्तीनंतरही कधी चालू शकणार नाही अशाच जुन्या शस्त्राला आहे, नुसत्या गंजलेल्याला नाही.

परवाना मिळाला म्हणजे शिकारीची मुभा मिळाली असे नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली ते दार बंद आहे. निव्वळ शेतराखणीसाठी हवी असेल तर रायफलीचा हट्ट सोडून ठासणीची बंदूक मागा, कायद्याने त्यासाठी तिची वाट ठेवली आहे.

अर्ज नाकारला तर कारणे लेखी मागा. त्यावर शस्त्र अधिनियमाच्या कलम १८ खाली अपील करता येते. मिळालेला परवाना ५ वर्षांचा असतो, त्याच्या नूतनीकरणाची तारीख लिहून ठेवा. निवडणुकीच्या काळात जमा करण्याची नोटीस आली तर वेळेत जमा करून पावती घ्या. आमची रायफल आता चुलतभावाच्या नावावर, लोखंडी कपाटात कुलपात आहे, आणि काडतुसे वेगळ्या कुलपात. काकूंच्या पावत्यांची फाइल मात्र त्यांच्याच उशाशी असते.