कृंतकी रक्तजनन

कृंतकी रक्तजनन : अस्थिमज्जेतील एखाद्या रक्तमूलपेशीत (रक्तपेशी निर्माण करणाऱ्या पेशीत) उत्परिवर्तन, म्हणजे जनुकीय बदल, घडतो, तिच्या वंशाला वाढीत थोडी सरशी मिळते आणि कालांतराने रक्तपेशींचा मोठा हिस्सा त्या एकाच पेशीचा वंश (कृंतक, इंग्रजीत क्लोन) ठरतो, या अवस्थेस हे नाव आहे. काही जणांत ती रक्ताच्या कर्करोगाची बरीच आधी दिसणारी खूण ठरते. ही उत्परिवर्तने सहसा आईवडिलांकडून आलेली नसतात. ती मुख्यतः डीएनएमटी३ए, टेट२ व एएसएक्सएल१ या जनुकांत आढळतात.

शोधाचे श्रेय बहुधा २०१४ सालच्या अभ्यासांना दिले जाते. जैस्वाल व सहकाऱ्यांनी १७,१८२, तर जेनोव्हेसे व सहकाऱ्यांनी १२,३८० व्यक्तींचे नमुने तपासले. चाळिशीआधी विरळ असलेली ही अवस्था सत्तरीनंतर दहापैकी सुमारे एकात दिसली. मात्र विचाराचा उगम याहून जुना आहे. स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स गुणसूत्र निष्क्रिय असते. तरुणपणी रक्तपेशींत ही वाटणी सर्वसाधारणपणे निम्मी-निम्मी असते, उतारवयात ती एकीकडे झुकते, असे ब्यूस्क व सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दाखविले. एका पेशीच्या वंशात तेच एक्स निष्क्रिय राहते; म्हणून हा झुकाव कृंतकाचा पुरावा, की मूलपेशी घटल्याने आलेला योगायोग, यावर मतभेद होते. अशा काही वृद्ध स्त्रियांमध्ये २०१२ साली टेट२ मधील उत्परिवर्तने सापडली, तेव्हा पहिले मत अधिक ग्राह्य ठरले. तरी सर्वच झुकाव त्याने उलगडत नाही.

२०१५ मध्ये स्टीन्स्मा प्रभृतींनी ही अवस्था मानण्यासाठी रक्तातील उत्परिवर्तित जनुकप्रतींची किमान मर्यादा २ टक्के ठरविली. जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकच बदललेली असल्यास हे प्रमाण सुमारे ४ टक्के पेशींचे होते. ही रेषा जीवशास्त्रापेक्षा तत्कालीन अनुक्रमण-तंत्राच्या (डीएनएतील क्रम वाचण्याच्या तंत्राच्या) आवाक्यावरून आखलेली दिसते: अधिक सूक्ष्म तंत्राने २०१६ मध्ये पन्नाशीतील २० पैकी १९ निरोगी व्यक्तींत लहान कृंतक मिळाले. उत्परिवर्तन नेमके कधी घडते, हेही वादाचे आहे. जेएके२ या जनुकाबाबत ते काही रुग्णांत गर्भावस्थेत वा बालपणीच घडले असावे, असे पेशींच्या वंशावळींवरून अनुमान काढले जाते.

रक्ताच्या कर्करोगाचा धोका वर्षाला साधारण ०.५ ते १ टक्का, म्हणजे बहुतेकांना तो कधीच होत नाही. ‘कर्करोगपूर्व’ हा शब्द रुग्णापुढे जपूनच वापरावा. टीपी५३ या जनुकातील बदल, मोठा कृंतक व एकाहून अधिक उत्परिवर्तने धोका वाढवतात. पुढे अॅक्यूट मायलॉइड ल्युकेमिया (वेगाने वाढणारा रक्ताचा कर्करोग) झालेल्यांच्या जुन्या नमुन्यांत २०१८ च्या अभ्यासांना असे बदल निदानाच्या कित्येक वर्षे आधी दिसले. हृदयरोगाशीही या अवस्थेचा संबंध आढळतो.